दोष कोणाच्या नावावर? 'दि क्रूसिबल'च्या तालमींच्या नोंदी

सालेम गावात १६९२ मध्ये चेटकाच्या आळावरून झालेल्या खटल्यांवर आर्थर मिलरने लिहिलेल्या या नाटकाचा मराठी प्रयोग बसवताना पात्रांचे हेतू आणि दोष यांवर संहितेच्या तालमींबरोबरच वेगळं काम चालू होतं. या नोंदी त्या कामाच्या आहेत. हेच नाटक, किंवा खटला आणि आळ यांवरचं कुठलंही नाटक हाती घेणाऱ्या हौशी संस्थांसाठी त्या लिहिल्या आहेत, त्यामुळे जे फसलं तेही काढून टाकलेलं नाही. कथानक माहीत आहे असं धरलं आहे.

३ जून

आधी कागदपत्रं. भाषांतराचे हक्क आणि प्रयोगाचे हक्क वेगळे असतात. दोन्ही लेखी हातात आल्याशिवाय पाठांतराला बसू नका. नाटकांना मंजुरी देणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाकडे जी प्रत मंजुरीला जाते तिच्याप्रमाणेच प्रयोग करायचा असतो. म्हणून काय कापायचं ते प्रत पाठवण्याआधी ठरवावं लागतं, आणि ते पात्रांचे हेतू नीट तपासल्याशिवाय ठरत नाही. कामाचा क्रम त्यामुळे उलटा लावला: आधी पात्रांच्या हेतूंचा तक्ता, मग कात्री, मग मंडळ.

५ जून

पहिलं वाचन. संपल्यावर सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: फाशी कोणामुळे झाली? जवळजवळ सगळ्यांनी ॲबिगेलचं, म्हणजे चेटकाचा आळ घेणाऱ्या मुलींच्या म्होरकीचं, नाव घेतलं.

मग संहिता उघडून तिच्या एंट्र्या मोजल्या. पहिल्या अंकात ती आहे, तिसऱ्यात आहे. दुसऱ्या अंकात स्टेजवर नाही. चौथ्यात तर गावातच नाही. गावचा पाद्री पॅरिस याच्या तिजोरीतले ३१ पौंड घेऊन मर्सी लुईस या दुसऱ्या मुलीबरोबर पळालेली आहे. ती पळाली हे न्यायाधीश डॅनफर्थला फाशीच्या आधी कळतं, तरी फाशी थांबत नाही. सगळा दोष ॲबिगेलवर ठेवला तर चौथा अंक कशासाठी आहे, याचं उत्तर कोणाकडेच उरत नाही. इथून तक्त्याचं काम सुरू.

८ जून

पहिला तक्ता वाया गेला. 'हेतू' असा एकच रकाना होता आणि त्यात एकेक शब्द भरला: पॅरिस भित्रा, जमीनदार पटनम लोभी, ॲबिगेल सूडाने पेटलेली, चेटकाचा तपास करायला आलेला पाद्री हेल प्रामाणिक. विशेषण हातात दिलं की नट तेच वाजवत बसतो. पॅरिस करणारा पहिल्या ओळीपासून थरथरायला लागला आणि दहा मिनिटांत त्याच्याकडे करायला काही उरलं नाही.

दुसऱ्या तक्त्याचे रकाने असे:

आत्ता, या क्षणी काय हवंय. काय लपवायचंय. बोलला तर काय मिळतं. गप्प राहिला तर काय जातं. त्याची किंमत कोण मोजतं. हे सगळं थांबवायची संधी कुठल्या पानावर आली आणि त्याने तिचं काय केलं.

शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. तो पानाच्या आकड्यासकट भरायचा, आठवणीवर नाही. तक्ता कार्डशीटवर हाताने लिहिला आणि तालमीच्या खोलीत टांगला. मोबाईलवर फिरवलेला कोणी उघडून बघत नाही.

पॅरिसचं पान नव्याने भरलं ते असं: मुलगी बेटी उठत नाही हे गावाला कळण्याआधी गावाला सांगता येईल असं कारण हवंय. लपवायचंय हे, की जंगलातला नाच त्याने स्वतः पाहिला. भीती जागा जाण्याची आहे. पगार ६६ पौंड, त्यातले ६ लाकडासाठी हा वाद, घराची मालकी स्वतःच्या नावावर हवी हा दुसरा वाद, आणि गावातला एक गट आपल्याला घालवायला टपलाय ही समजूत. एवढं हाताशी आल्यावर थरथर आपोआप गेली आणि माणूस सारखा दाराकडे बघायला लागला. पॅरिस जे विचारतो त्यातलं बरंचसं 'लोक काय म्हणतील' इथे येऊन थांबतं, हेही तेव्हाच ऐकू आलं.

१० जून

पटनम नवरा-बायकोला एकाच मापाने मोजू नका. बहुतेक प्रयोगांत दोघं मिळून एक 'लोभी जोडपं' होतं, आणि नाटकातला सगळ्यात खोल हेतू तिथे मातीत जातो.

थॉमस पटनमचा हिशेब सरळ आहे. साडू बेली याला पाद्री म्हणून गावाने घेतलं नाही तो राग, आजोबांच्या मृत्युपत्रातल्या जंगलावरून शेतकरी जॉन प्रॉक्टरशी वाद, आणि दोषी ठरलेल्याची जमीन विकत घेण्याइतका पैसा गावात फक्त त्याच्याकडे. हा शेवटचा मुद्दा तिसऱ्या अंकात गावातला म्हातारा जाइल्स कोरी मांडतो. थॉमस करणाऱ्याला फार खोदायची गरज पडत नाही.

ॲन पटनमचा हेतू जमिनीचा नाही. तिची सात मुलं बाप्तिस्म्याआधी गेली, एकच मुलगी उरली. त्याच खोलीत रिबेका नर्स बसलीये: ११ मुलं, २६ नातवंडं, एकही गेलं नाही. ॲनला कारण हवंय, कुठलंही. रिबेका शांतपणे डॉक्टर आणा, प्रार्थना करा म्हणते, तेव्हा ॲनला त्यात समाधान ऐकू येत नाही; हिचं काहीच कसं गेलं नाही, एवढंच ऐकू येतं.

दुसऱ्या अंकात रिबेकाला अटक होते ती कशासाठी, तर ॲनच्या बाळांच्या अलौकिक मार्गाने केलेल्या खुनासाठी. पहिल्या अंकातला मुलांचा संवाद कापला तर ही अटक आकाशातून पडल्यासारखी वाटते. कापाकापीच्या पहिल्या यादीत नेमका हाच भाग होता, 'बायकांची घरगुती बोलणी' म्हणून. तो परत घातला. त्याऐवजी जमिनीच्या हद्दींवरचं बोलणं थोडं आवरलं, कारण तो मुद्दा तिसऱ्या अंकात पुन्हा येतो.

ॲनच्या पानावर दोषाच्या रकान्यात एक बारीक गोष्ट आहे, ती सुटता कामा नये. मेलेल्या मुलांशी बोलायला स्वतःच्या मुलीला पॅरिसच्या गुलाम टिट्युबाकडे तिनेच पाठवलं होतं. म्हणजे गावातल्या या पहिल्या 'जादू'ची मागणी आळ घेणारीच्या घरातून आली. ॲनने हे पहिल्याच भेटीत कबूल करावं, पण वाक्य घाईत टाकावं. पॅरिसने ते ऐकून दचकणं पुरे.

१३ जून

टिट्युबाची कबुली. नाटकातली सगळी यंत्रणा या प्रवेशात तयार होते आणि गोंगाट केला तर ती दिसतच नाही.

संहितेतला क्रम असा आहे. ॲबिगेल टिट्युबावर ढकलते. पॅरिस चाबकाने मारून टाकण्याची धमकी देतो, पटनम फासाची. टिट्युबा कबूल होते. हेल सौम्य आवाजात विचारतो, सैतानाबरोबर कोण आलं? ती अडखळते. पटनम विचारतो: सारा गुड होती का? ऑस्बर्न? पुढे टिट्युबाच्या तोंडून तीच दोन नावं बाहेर पडतात. मग ॲबिगेल उठते, ती दोन नावं घेते आणि त्यांत ब्रिजेट बिशपची भर घालते. मग बेटी.

तालमीत हे सगळं आरडाओरड्यात चाललं होतं. बाहेरून बघायला बोलावलेल्यांना विचारलं, पहिली नावं कोणी घेतली? उत्तर आलं, टिट्युबाने. म्हणजे पटनमची ओळ पोचलीच नव्हती.

दुरुस्ती: पटनमच्या ओळीआधी सगळे आवाज खाली. पटनम टिट्युबाच्या मागून, जवळून, जवळजवळ मदत केल्यासारखं बोलतो. टिट्युबाने लगेच उत्तर द्यायचं नाही. एकदा हेलकडे, एकदा पॅरिसच्या हाताकडे बघायचं, मग नाव उच्चारायचं. हा थांबा मोठा केला की भावविवश होतो. श्वास घेण्याइतकाच ठेवा. पुढे नावं वाढतात तसा आवाज वाढवायचा. पूर्वी गोंगाट आधी होता आणि नावं त्यात बुडत होती.

टिट्युबाच्या पानावर दोषाचा रकाना कोरा ठेवला. गुलाम बाईपुढे चाबूक आणि फास यांत निवड ठेवली तर तिला निवड म्हणत नाहीत. पण हेतूचा रकाना भरलेला आहे: पॅरिसला मारायला सैतानाने सांगितलं असं ती सांगते, तेव्हा मालकाबद्दल मनात आहे ते सैतानाच्या तोंडी घालून पॅरिससमोरच बोलते. ही ओळ भीतीने म्हटली की वाया जाते. तिथे क्षणभर तिची मजा दिसायला हवी, आणि पॅरिसला ती कळायला हवी.

१६ जून

एकाने इतिहास वाचून आणला आणि अख्खी तालीम त्यात गेली. खरी ॲबिगेल विल्यम्स ११-१२ वर्षांची होती, खरा प्रॉक्टर साठीच्या घरात, त्यामुळे त्यांच्यातलं प्रकरण मिलरने रचलेलं. खरा डॅनफर्थ फाशी देणाऱ्या कोर्टावर नव्हता. तिथला मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन. सगळ्यात जास्त आळ घेणाऱ्यांपैकी ॲन पटनम ही मुलगी, तिचं नाव नाटकात रूथ. आईचं नाव मात्र ॲनच राहिलंय, यावरून गोंधळ होतो.

नियम ठरवला: तक्त्यात फक्त संहितेतलं भरायचं. नाटकातली ॲबिगेल १७ वर्षांची आहे, प्रॉक्टर तिशीतला. हेतू त्यावरून काढायचे. ॲबिगेलचं वय वाढवल्याचं मिलरने स्वतः छापील संहितेत सुरुवातीलाच सांगितलंय, त्यामुळे 'खरं काय होतं' हा वाद तालमीत घालायची गरज नाही.

इतिहासातल्या तीन गोष्टी मात्र भिंतीवर लावल्या, कारण त्या अभिनयाला उपयोगी पडतात. एक, १६९२ मध्ये ज्यांनी कबुली दिली ते वाचले आणि निर्दोष म्हणणारे फासावर गेले. दोन, १९ जणांना फाशी झाली, जाइल्स कोरी दगडांखाली मेला, काहीजण तुरुंगातच गेले. तीन, १७०६ मध्ये ॲन पटनम ज्युनियरने चर्चमध्ये माफी मागितली तेव्हा दोष सैतानाने घातलेल्या भुलीवर ठेवला. 'मी खोटं बोलले' असं म्हटलं नाही. मुलींची कामं करणाऱ्यांसाठी यातली तिसरी गोष्ट फार मोलाची: मुली सारा वेळ ठरवून खोटं बोलताहेत असं केलं तर तिसऱ्या अंकातला मुलींना कोर्टात पक्षी दिसतो तो प्रसंग निव्वळ ढोंग होतो आणि हसू येतं.

२० जून

ॲबिगेलचं पान तीन तुकड्यांत तोडलं. एका ओळीत भरल्यामुळे ती सुरुवातीपासून कारस्थानी दिसत होती.

पहिला तुकडा: चाबकातून सुटका. तिने प्यालेलं रक्त, प्रॉक्टरची बायको एलिझाबेथ हिला मारायचा मंत्र, हे बाहेर आलं तर ती संपली. म्हणून टिट्युबा. इथे एलिझाबेथचं नाव तिच्या यादीत नाही, हे मुद्दाम बघा. दुसरा तुकडा: नाव घेतलं की लोक ऐकतात हा शोध. अनाथ, आश्रित, नोकरीवरून काढलेली मुलगी, आणि आता ती रस्त्याने जाताना गर्दी बाजूला होते. तिसरा: या ताकदीने एलिझाबेथची जागा मिळवता येईल हा हिशेब. बाहुलीचं प्रकरण इथलं. तिसऱ्या अंकात ती डॅनफर्थलाच दमात घेते, तेव्हा चौथा तुकडा करावा का यावर मतभेद राहिला. माझ्या मते नको. ती दुसऱ्याचीच परिसीमा आहे.

प्रॉक्टरच्या पानाने जास्त त्रास दिला. नटाला तो पहिल्या एंट्रीपासून नायक करायचा होता. शेवटच्या रकान्यात मात्र हे आहे: पहिल्या अंकात ॲबिगेल त्याला एकट्याला सांगते की चेटूक वगैरे काही नाही, बेटी नुसती घाबरली. आठ दिवसांनी दुसरा अंक उघडतो, लोक तुरुंगात आहेत, आणि हा अजून कोणाशी बोललेला नाही. कारण बोलला तर 'तुम्ही दोघं एकटे कधी होतात?' हा प्रश्न येणार. तो घरातच येतो आणि पहिलं भांडण त्यावरच पेटतं.

दुसऱ्या अंकात एलिझाबेथ 'सालेमला जा' असं ज्या ज्या वेळी सुचवते तिथे पेन्सिलीने खूण केली आणि प्रॉक्टर पुढच्या ओळीत काय करतो ते समासात लिहिलं. टाळतो, चिडतो, तिच्यावर उलटतो, पुन्हा चिडतो. नटाने ते समास वाचले आणि काम बदललं. शिवाय तो मालक आणि ॲबिगेल नोकर, तो तिशीतला आणि ती सतरा. आजच्या प्रेक्षकाला हे न सांगता दिसतं. तिसऱ्या अंकात भर कोर्टात तो तिला शिवी देतो ती मऊ करायची सूचना आली होती. केली नाही. स्वतःचा गुन्हा कबूल करतानाही तो तिच्यावर तोंड टाकतो, हे दिसायला हवं.

२३ जून

बाहुली. प्रॉपर्टीचं (रंगमंचावरच्या वस्तूंचं) काम, पण ॲबिगेलचा डाव प्रेक्षकाला कळतो तो या वस्तूवरूनच.

संहितेप्रमाणे ॲबिगेलच्या पोटात दोन इंच रुतलेली सुई निघते आणि प्रॉक्टरच्या घरातल्या बाहुलीतही सुई सापडते. शिवणाची सुई तिसऱ्या रांगेपलीकडे दिसत नाही. गोणपाट शिवायचं दाभण घ्या, टोक कानशीने बोथट करा. बाहुली मांजरपाटाची, वीतभरापेक्षा थोडी मोठी, आत कापूस. पहिल्या बाहुलीत दाभण कापसातून सरकून पडलं, तेही कोर्टाचा कारकून चीव्हर बाहुलीचा घागरा वर करतो त्याआधीच. मग पोटाच्या जागी बाटलीचं बूच शिवलं. दाभण त्यात घट्ट बसतं आणि उपसताना जोर लावावा लागतो, तो जोर दिसतो. एक जास्तीची बाहुली विंगेत ठेवा. दोन्ही मिळून दीडशे रुपयांच्या आत बसलं.

आणखी एक. प्रॉक्टरची मोलकरीण मेरी वॉरन ही बाहुली एलिझाबेथला देते तो क्षण घाईचा नको. एलिझाबेथने ती कुठे ठेवली हे शेवटच्या रांगेला दिसलं पाहिजे, नाहीतर चीव्हर शोधायला लागतो तेव्हा प्रेक्षक त्याच्याबरोबर शोधत बसतो.

नेपथ्यात पॅरिसच्या खोलीत भिंतीवर क्रूस लावला होता. काढला. सालेमच्या प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट, लोकांचा असल्या खुणांना विरोध होता, आणि वेदीवरच्या सोन्याच्या मेणबत्तीदाण्या हीच प्रॉक्टरची पॅरिसवरची तक्रार आहे. भिंतीवर क्रूस असेल तर ती तक्रार कोणाला कळणार? त्याच ओघात पॅरिसला 'फादर' म्हणणंही बंद केलं. रेव्हरंड.

२७ जून

छोटे हेतू एका दिवसात उरकले, उरकण्यासारखे होते म्हणून. चीव्हर: मित्र आहे, वाईट वाटतं, पण हातात वॉरंट आहे. हेरिक: तेच, चौथ्या अंकात पिऊन. फ्रान्सिस नर्स: अटकेतल्या बायकांच्या चारित्र्याच्या साक्षपत्रावर सह्या करणाऱ्यांना काही होणार नाही असा शब्द दिला आणि त्याच सह्यांवरून त्यांची वॉरंटं निघाली.

जाइल्स कोरीवर मात्र थांबावं लागलं. विनोदी म्हातारा म्हणून तो पहिल्या अंकात हशा घेतो आणि नट त्यावर खूश होतो. पण त्या हशातच त्याने हेलला विचारलेलं असतं, माझी बायको लपून पुस्तकं वाचते, याचा अर्थ काय? मार्थाच्या अटकेमागे वॉलकॉटच्या डुकराचं भांडण आहे आणि हा प्रश्नही. तिसऱ्या अंकात तो स्वतःच म्हणतो की मी तिच्याशी वाईट वागलो. ज्या ओळीवर प्रेक्षक हसला तीच ओळ इथे त्याच्या गळ्याशी येते, म्हणून पहिल्या अंकातला हशा मिळवायचाच, पण प्रश्न संपल्यावर हेलने मान वर करून त्याच्याकडे बघायचं. तेवढं पुरतं.

२९ जून

मेरी वॉरन. 'दुबळी' हा शब्द तक्त्यावर पुन्हा घुसला होता, खोडला. दुसऱ्या अंकात ती कोर्टाची अधिकारी म्हणून घरी येते आणि मालकाला सांगते की आज तुझ्या बायकोचा जीव मी वाचवला. तिला हे आवडलेलं आहे.

तिसऱ्या अंकात ती उलटते त्याचा दोष ॲबिगेलवर टाकणं सोपं. पण तिच्यावर दाब तिघांचा आहे: डॅनफर्थ आणि दुसरा न्यायाधीश हॅथॉर्न 'आत्ता बेशुद्ध पडून दाखव' म्हणतात, मुली तिच्या ओळी परत म्हणतात, आणि प्रॉक्टरने तिला ओढत आणलेलं असतं. हालचाली अशा बसवल्या की ती कुठेही सरकली तरी या तिघांपैकी एकाच्या हाताशी येते. शेवटी ॲबिगेलचे हात उघडे असतात आणि बाकी सगळ्यांची बोटं तिच्याकडे रोखलेली. प्रॉक्टरने तिच्या दंडाला धरलेला हात बराच वेळ सोडायचा नाही. तो सोडल्यावर ती पळते.

१ जुलै

डॅनफर्थ. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि जायलाच हवा होता.

नटाने खलनायक केला. आवाज मोठा, डोळे बारीक. तिसरा अंक पहिल्या दहा मिनिटांत मेला, कारण समोरचा माणूस ऐकणारच नाही हे दिसत असताना प्रॉक्टर, हेल, फ्रान्सिस त्याच्यापुढे पुरावे ठेवताहेत म्हणजे ते मूर्ख ठरतात.

दुरुस्ती एकच: डॅनफर्थ खरंच ऐकतो. कागद खरंच वाचतो. प्रश्न खरे विचारतो. त्याला गाडी थांबवायला अडचण काय आहे ते तक्त्यातून काढलं. मार्बलहेडपासून लिनपर्यंत तुरुंगात चारशेच्या आसपास माणसं, त्याच्या सहीने फाशी सुनावलेली ७२. मुली खोट्या ठरल्या तर ही सगळी सही त्याच्या अंगावर येते. शिवाय त्याने एक बिनतोड तर्क बांधलाय: चेटूक अदृश्य असतं, साक्षीदार दोनच, चेटकीण आणि तिचा बळी, चेटकीण स्वतःवर आळ घेणार नाही, तेव्हा बळीवर विश्वास ठेवायचा. मग वकील कशाला? हा तर्क प्रेक्षकाला क्षणभर पटला पाहिजे. म्हणून ते भाषण सावकाश, समजावणीच्या सुरात, हेलकडे बघून.

थांबवायच्या संधी त्याच्या पानावर भरल्या. पहिली, ९१ जणांचं चारित्र्याचं साक्षपत्र. तो सगळ्यांची वॉरंटं काढतो. दुसरी, मेरीची जबानी. तो मुलींना बोलावतो आणि त्यांच्यासमोरच तिला उभं करतो. तिसरी, ॲबिगेलच्या चारित्र्याचा मुद्दा. तो एलिझाबेथला बोलावतो. चौथी, चौथ्या अंकात पॅरिस येऊन सांगतो की ॲबिगेल पळाली, प्रॉक्टरला वाळीत टाकायच्या सभेला जेमतेम ३० माणसं आली, माझ्या दारातून खंजीर पडला, फाशी पुढे ढकला. उत्तर येतं की बारा जण आधीच फासावर गेलेत, आता ढकललं तर त्या बारांचं काय?

हे वाक्य नाटकातला डॅनफर्थचा खरा हेतू आहे. ते गरजून म्हटलं तर क्रूर वाटतं, हिशेब सांगितल्यासारखं म्हटलं तर भयानक वाटतं. दुसरं घेतलं. या संधी जसजशा पुढे जातात तसतसा त्याने आवाज कमी करत नेला. सुरुवातीला उलटं चाललं होतं.

हॅथॉर्नला स्वतंत्र पान केलं नाही. तो डॅनफर्थला थांबायची इच्छा होऊ नये म्हणून शेजारी ठेवलेला माणूस आहे.

४ जुलै

एलिझाबेथचं खोटं. 'ती खोटं बोलली म्हणून तो गेला' हा दोष चर्चेत फार जण तिच्यावर ठेवतात. तक्ता बघा: प्रॉक्टरने ॲबिगेलशी असलेले संबंध आधीच कबूल केलेत हे तिला कोणी सांगितलेलं नाही. डॅनफर्थने प्रॉक्टर आणि ॲबिगेल दोघांना पाठमोरं उभं केलंय, इशारा करायचा नाही. परीक्षा अशी रचली आहे की नवऱ्यावर जीव असलेली बाई तिच्यात नापासच होणार.

नटी 'नाही' हे त्यागाच्या सुरात म्हणत होती. ते काढलं. संहितेत ती सरळ खोटं बोलतच नाही आधी. मुलगी नापसंत होती म्हणते, मग आपण आजारी होतो म्हणते, मग नवऱ्याला ती आवडते असं वाटलं म्हणते. कडेकडेने जाते. डॅनफर्थ शेवटी हो की नाही एवढंच ठेवतो. 'नाही' हे जेमतेम ऐकू येईल असं, प्रॉक्टरच्या पाठीकडे बघत. ते निघाल्यावर त्या पाठीत काय होतं यावर प्रकाश ठेवा, चेहऱ्यावर नको.

८ जुलै

हेल रडत होता. तिसऱ्या अंकात तो म्हणतो की ७२ मृत्युवॉरंटांवर माझी सही आहे. स्वतःचं नाव स्वतःहून दोषाच्या रकान्यात लिहिणारे या नाटकात फार थोडे, त्यात अधिकार असलेला हा एकटाच. तो आकडा सांगताना रडला तर सहानुभूती त्याच्याकडे वळते. कोरडं सांगायला लावलं. पहिल्या अंकात तो जाडजूड पुस्तकं घेऊन येतो ती खरोखर जड असू द्या. थर्माकोलची हातात नाचतात आणि त्याचा आत्मविश्वासही नाचतो.

१२ जुलै

नाटक सातपुड्यात नेऊन बसवावं अशी सूचना आली. नंदुरबारकडच्या डाकीण प्रथेशी साम्य दिसतं: भांडण, जमीन, एकटी बाई, आजारी मूल. दोन प्रवेश तसे लिहूनही पाहिले. जमलं नाही, आणि का जमलं नाही ते लिहून ठेवतो.

सालेममध्ये राज्य, कोर्ट आणि धर्म तिघंही आळ घेणाऱ्याच्या बाजूला आहेत, आणि कबुली दिली की माणूस वाचतो. सगळं नाटक या दोन खांबांवर उभं आहे. सातपुड्यात आळ भगताच्या तोंडून आणि गावातून येतो, कायदा निदान कागदावर तरी बाईच्या बाजूने आहे (२०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच), आणि कबुलीने कोणी सुटत नाही. डॅनफर्थला तिथे जागाच नाही. त्या विषयावर नाटक हवंच, पण ते वेगळं लिहावं लागेल. या नाटकाला लुगडं नेसवून ते होणार नाही.

१६ जुलै

चौथा अंक. प्रॉक्टर कबुलीवर सही करतो पण रिबेका, मेरी ईस्टी, मार्था कोरी यांची नावं घेत नाही, आणि शेवटी कागद देत नाही. नट सही नाकारण्याकडे धावत होता. हेतूचा रकाना सांगतो की त्याला जगायचंय, म्हणूनच सही करतो. सही होईपर्यंत जगण्याच्या बाजूने खेळा. बदल होतो तो सही झाल्यावर डॅनफर्थ कागद घ्यायला हात पुढे करतो तिथे.

कागद: हँडमेड पेपर फाटत नाही, नुसता ताणला जातो, ऐन क्षणी नट कागदाशी झुंजत राहिला. साधा न्यूजप्रिंट चहाच्या पाण्यात बुडवून, सपाट वाळवून घ्या. वरच्या कडेला नखाएवढी चीर आधीच द्या. आवाज छान येतो. दर प्रयोगाला नवा लागतो, आणि शाई पसरते म्हणून सही बॉलपेनने, टाकाच्या काडीत रिफिल बसवून.

१९ जुलै

दुसऱ्या अंकानंतरचा जंगलातला प्रवेश (प्रॉक्टर आणि ॲबिगेल, मिलरने नंतर जोडलेला) ठेवावा का? तालमीत करून पाहिला. ॲबिगेल त्यात स्वतःवर सुया टोचून घेतलेली, भ्रमिष्ट दिसते. नटीला तो हवा होता, प्रवेश जोरदार आहेच. पण त्यानंतर तिसऱ्या अंकात प्रेक्षक 'ही वेडी आहे' म्हणून मोकळा होतो आणि डॅनफर्थकडे बघायचं सोडतो. वगळला. मंडळाकडे प्रत उद्या जाते.